मुकी पैदास

रंगाच्या दुकानात जन्म घालवलेल्या माणसाला घरी बसल्यावर कसला तरी नाद लागणार, हे त्याच्या बायकोने धरूनच ठेवलं होतं. तो कोंबड्यांचा असेल, असं मात्र तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

गल्लीत त्याला सगळे रंगवाले म्हणत. दुकानात त्याचं काम शेड जुळवून देण्याचं. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा नाहीतर पडद्याचा तुकडा घेऊन यायचं. रंगवाला पांढऱ्या डब्यात थेंबाथेंबाने रंग सोडायचा, ढवळायचा, पत्र्याच्या पट्टीवर ओढायचा आणि वाळेपर्यंत थांबायचा. ओला रंग खोटं बोलतो, असं तो म्हणे. एवढ्या वर्षांत एकच शेड त्याला एकदाच, चुकून साधली; पुन्हा कधी नाही. धुरकट निळी, ओली पाटी निम्मी वाळल्यावर दिसते तशी. एक थेंब जास्त झाला की उघड निळी, एक कमी पडला की नुसती राख.

आणि निवृत्त झाल्यावर बाजारात त्याला एक कोंबडी दिसली, जवळजवळ त्याच रंगाची.

मागच्या अंगणात खुराडं उभं राहिलं. खुराड्याच्या एका अंगाला शेजारच्या घड्याळवाल्याची भिंत, दुसऱ्या अंगाला घराची मागची खोली. काळी कोंबडी आणि ठिपक्यांचा पांढरा कोंबडा एकत्र ठेवले की सगळी पिलं धुरकट निघतात, हे तो लवकरच शिकला. पण धुरकटाला धुरकट लावलं की निम्मीच पिलं त्या रंगाची. बाकीची काळी, नाहीतर मळक्या पांढऱ्यावर शिंतोडे उडालेली. यातून सुटका नव्हती. ज्यांची पैदास पुढे चालवायची त्यांच्या पायात तो पिवळी कडी घाली. लाल कडीवाली खाटकाकडे जात.

"अहो, पोरीचं लग्न जमवताना एवढी स्थळं पाहिली नव्हतीत," बायको म्हणायची.

"तेव्हा घाई झाली होती."

"जावयाला सांगते हं."

नादाला पहिली अडचण आली ती घड्याळवाल्याची. तो एके सकाळी डोळे तांबारलेले घेऊन दारात उभा राहिला.

"रंगवाले, तुमचा कोंबडा माझ्या उशाशी बसून आरवतो. नगरपालिकेत अर्ज करणं मला शोभणार नाही. पण झोप न झालेल्या माणसाच्या हातात बारीक स्क्रू राहत नाहीत हो."

"न आरवणारा कोंबडा कुठे मिळतो का?"

"तुम्ही एवढे रंग काढताय, तर तेही काढा."

घड्याळवाला विनोदाने बोलला होता. रंगवाल्याने ते मनावर घेतलं. त्यानंतर पिवळी कडी घालताना तो दोन गोष्टी बघू लागला: रंग आणि घसा. धुरकट कोंबड्यांमधला जो सर्वांत कमी आरवेल, तो ठेवायचा. त्याच्या पिलांतला त्याहून कमी आरवणारा ठेवायचा. दर पिढीला आवाज बसत गेला. आधी बांग तुटकी झाली, मग घोगरी, मग दार कुरकुरावं एवढीच उरली.

आणि मग तो कोंबडा निपजला.

तो रोज पहाटे खुराड्याच्या आडव्या दांडीवर चढे. पंख फडफडवी, मान ताणी, चोच उघडी. गळ्याची पिसं थरथरत. आरवण्याचं सगळं साग्रसंगीत होई. आवाज तेवढा निघत नसे. फडफडणाऱ्या पंखांचाही नाही.

रंगवाल्याला आनंदच झाला. पुढच्या उबवणीत सगळीच पिलं धुरकट निघाली, तेव्हा मात्र तो खुराड्यासमोर बराच वेळ उकिडवा बसून राहिला. एकही काळं नाही, एकही शिंतोड्यांचं नाही. असं होत नसतं. त्याने पुढची उबवण लावली. तीही सगळी धुरकट. पिलं दाणे टिपत होती, एकमेकांना ढकलत होती, चिवचिवाट मात्र अजिबात नव्हता. चोची सिमेंटवर आपटत होत्या आणि टकटक ऐकू येत नव्हती.

आपले कान गेले असतील म्हणून तो डॉक्टरकडे जाऊन आला. कान उत्तम होते.

त्याच सुमारास लेक घरी राहायला आली. जावई जहाजावर, आणि तिला दिवस गेलेले. आधीच्या वेळी मूल पोटातच गेलं होतं. प्रसूतीच्या टेबलावर, सगळं उरकल्यावर, त्या खोलीत जी शांतता पसरली तिच्याबद्दल लेक कधी बोलत नसे. एकदाच बापाजवळ म्हणाली होती, "बाबा, मुलगा की मुलगी, गोरं की काळं, मला काही नको. रडलेलं ऐकू आलं की झालं."

तिला मागची खोली दिली. हवेशीर होती, खिडकी अंगणात उघडत होती. खिडकीशी बसून ती लोकरीचं टोपरं विणायची आणि विणताना गुणगुणायची. एका दुपारी खुराडं झाडता झाडता रंगवाल्याने वर पाहिलं. लेकीचे ओठ हलत होते, मान तालावर डोलत होती. गाणं ऐकू येत नव्हतं.

"मोठ्याने म्हण की जरा," तो म्हणाला.

ती हसली. "मोठ्यानेच म्हणतेय. कान तपासून आलात ना?"

पाठोपाठ घड्याळवाला आला. या वेळी तो दारात उभा राहिला नाही, आत येऊन खुर्चीवर बसला.

"तुमच्याकडच्या भिंतीवर माझं टोल्यांचं घड्याळ आहे. वडिलांच्या हातचं. हातोडी उठते, घंटेवर पडते. टोला येत नाही."

"बिघडलं असेल."

"मी घड्याळवाला आहे, रंगवाले." त्याने खुर्ची पुढे ओढली. "काढून पुढच्या भिंतीवर लावलं. तिथे वाजतं." मग खाली बघत म्हणाला, "तुमचा तो जुना कोंबडा आहे का हो अजून? आरवणारा?"

"त्याला खाटकाकडे देऊन कैक दिवस झाले."

"असं," घड्याळवाला म्हणाला आणि चहा न घेताच उठला.

रंगवाल्याने तेव्हाच खुराडं मोडायला हवं होतं. पण त्या आठवड्यात एका कोंबडीला पुरती पिसं आली होती. त्याने पत्र्याची पट्टी घेतली. दुकानात कधीकाळी चुकून साधलेली आणि पुन्हा कधी न जमलेली ती एकच ओढ तिच्यावर होती. पट्टी त्याने कोंबडीच्या पंखावर धरली. रंगाची कड दिसेना. पट्टी कुठे संपते आणि पंख कुठे सुरू होतो, हे त्याच्या डोळ्यांनाही सांगता येईना. त्याने तिची अंडी वेगळी काढून ठेवायला सुरुवात केली.

मग नर्सबाई आल्या. दर महिन्याप्रमाणे लेकीला पलंगावर झोपवून त्यांनी बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र पोटावर फिरवलं. वर, खाली, पुन्हा वर. चेहरा सरळ ठेवायचा त्यांचा प्रयत्न दिसत होता.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

"काही नाही गं. सेल गेला असेल."

त्यांनी सेल बदलला. लेकीने बापाचा हात धरला. 

"हिला पुढच्या खोलीत घ्या," रंगवाला म्हणाला.

"कशाला?"

"घ्या म्हणतो ना."

पुढच्या खोलीत यंत्र टेकवल्याबरोबर ठोके ऐकू आले, शिवणयंत्र चालावं तसे भरभर. लेक रडायला लागली. बायको पदराने डोळे पुसत नर्सबाईंच्या यंत्राला नावं ठेवू लागली. रंगवाला तिथे थांबला नाही. टोपल्या घेऊन तो मागे गेला आणि संध्याकाळच्या आत सगळं खुराडं रिकामं केलं.

खाटकाने नंतर रस्त्यात गाठलं. "कोंबडीला हात घातला की ती घर डोक्यावर घेते. तुमची नुसती चोच उघडतात आणि माझ्याकडे बघतात. कंटाळा आला हो. उरलेली सोडून देऊ का कुठेतरी?"

"सोडू नका," रंगवाला म्हणाला. "एकही सोडू नका."

अंडी मात्र राहिली. त्या एका कोंबडीची, दिव्याखाली पेटीत ठेवलेली. बटण बंद करायला तो दोनदा गेला आणि दोनदा परत आला. अंडं काही कोंबडं नव्हे, ते तसंही गप्पच असतं, असं त्याने मनाशी म्हटलं. पेटी त्याने लेकीपासून लांब, घराच्या दुसऱ्या टोकाच्या अडगळीच्या खोलीत हलवली. ही एवढी शेवटची.

बाळ दवाखान्यात झालं. मुलगा. वजन छान, रंग गुलाबी, हातपाय झाडणारा. तो रडला नाही.

डॉक्टरांनी पाय थोपटले, पाठ चोळली, घसा पाहिला, छाती पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. "काही बाळं उशिरा आवाज काढतात," ते म्हणाले. घरी पाठवलं.

पुढच्या खोलीत पाळण्यात त्याला ठेवलं होतं. भूक लागली की तो जागा होई. मुठी आवळी, चेहरा लालबुंद करी, मान ताणी, तोंड उघडी. गळ्याची कातडी थरथरे.

रंगवाल्याने हे पाहिलं आणि त्याला दांडीवरचा तो कोंबडा आठवला.

लेक बाळाकडे बघत नव्हती. भिंतीकडे बघत होती. "मागच्या वेळेसारखंच वाटतं, बाबा," ती म्हणाली. "खोली तशीच वाटते."

"तो जिवंत आहे, बेटा."

"हो," ती म्हणाली. "पण मला ऐकू येत नाही."

दुपार टळत आली होती. रंगवाल्याने न्हाणीघरातून पाण्याची बादली भरून घेतली, अडगळीच्या खोलीत नेली आणि दार लोटून घेतलं. अंडी फुटायला आली होती. एकेक करून तो ती बुडवू लागला. पाणी हललं, आवाज झाला नाही.

शेवटचं अंडं त्याने उचललं. हाताला ते जड लागलं. सवयीने त्याने ते दिव्यासमोर धरलं. आत सगळं अंधारलेलं होतं. त्या अंधारात काहीतरी वळलं.

आणि अंड्यातून रडणं आलं.

पिलाचं चिवचिवणं नव्हे. तान्ह्या बाळाचं रडणं. आधी श्वास अडल्यासारखं, मग मोकळं, भुकेलं, रागावलेलं.

"अगं बाई," पुढच्या खोलीतून बायकोचा आवाज आला. "रडला गं, रडला."

"बाबा!" लेक हसत होती, रडत होती. "बाबा, ऐकलंत? बघा तरी येऊन, केवढं तोंड उघडलंय."

रंगवाल्याचा हात बादलीवर होता. दिव्यापासून दूर. अंडं निवत चाललं तसं रडणं बारीक झालं.

"थांबला का गं?" बायको म्हणाली.

"बाबा?" लेकीचा आवाज पुन्हा मघासारखा पडला.

त्याने अंडं दिव्याखाली नेलं. दोन्ही तळव्यांत धरलं. रडणं भरत आलं. पुढच्या खोलीत हसू परतलं, पाळण्याची कडी करकरू लागली.

तो तसाच उभा राहिला, अंड्याला ऊब देत.

मग त्याच्या अंगठ्याखाली, कवचाला आतून, पहिली टोच बसली.