एकही खाडा नाही

मंगळावरच्या वसाहतीतली शाळा जमिनीखाली होती आणि तिची घंटा भारतीय वेळेप्रमाणे सकाळी सातला होई. परीक्षा पृथ्वीवरून होत, म्हणून घड्याळही तिथलंच. मुख्याध्यापिका सुलभाबाई खानापूरकर यांचा त्या घंटेवर भारी जीव. तीन लेटमार्क म्हणजे एक खाडा, हा नियम त्यांनी येताना सामानातच बांधून आणला असावा. नववीतल्या ईश्वरी गुरवचे आता इतके खाडे झाले होते, की परवाच्या यानाने तिला आईवडिलांपासून दूर, पृथ्वीवरच्या वसतिगृहात धाडायचं ठरलं होतं. बाईंची सही तेवढी बाकी होती.

निद्रातज्ज्ञ डॉ. नौशीन अत्तार हजेरीपट घेऊनच त्यांच्याकडे आल्या.

"बाई, हे पाहा. सोमवारी चाळीस मिनिटं उशीर, मंगळवारी ऐंशी, बुधवारी एकशेवीस. आळशी मुलगी इतका नेमका उशीर करेल का?"

"म्हणजे मुद्दाम करते!"

"छे हो. या वयात देहघड्याळ मागे पडतं. झोप उशिरा येते, जागही उशिरा येते. त्यात मंगळाचा दिवस चाळीसेक मिनिटांनी मोठा. जमिनीखाली राहणाऱ्या बाकीच्या मुलांना आपण दिव्यांच्या जोरावर पृथ्वीच्या दिवसात कोंबतो, म्हणून ती पहिल्या तासाला पेंगतात. ईश्वरीचं घर वरच्या काचघरात, भाजीच्या वाफ्यांशेजारी. ती आणि आईवडील, तिघंही ऊन पाहून उठतात."

"मग पुढे तीन-चार आठवडे ती फिरकलीच नाही, त्याचं काय?"

डॉक्टरांनी शाळेच्या दाराची नोंद उघडली. दुपारी तीन. संध्याकाळी सात. पुढे पहाटे तीन. ईश्वरी रोज आली होती आणि बंद दार पाहून परत गेली होती.

बाईंचा चेहरा उतरला. पोरगी सांगत होती, "बाई, सकाळ झाली की मी येतेच." आणि त्यांनी 'उलट बोलू नकोस' म्हणून तिला गप्प बसवलं होतं.

सही झाली नाही. घंटा मंगळाच्या सूर्याप्रमाणे होऊ लागली. पृथ्वीच्या घड्याळात पाहिलं तर शाळा आता रोज आदल्या दिवसापेक्षा चाळीस मिनिटं उशिरा भरते, आणि पहिल्या तासाला मुलं इतके प्रश्न विचारतात की बाईंची दमछाक होते.

बक्षीस समारंभाला बाईंनी जुना हजेरीपट मंगळाच्या दिवसांप्रमाणे नव्याने मांडला. पूर्ण उपस्थितीचं बक्षीस एकटीलाच मिळालं.

"तू रोज दारात येत राहिलीस, म्हणून आम्हाला इथली सकाळ कळली," ईश्वरीच्या हातात पेन देत बाई म्हणाल्या. "तुझे फार उपकार आहेत गं."

ईश्वरी गोंधळली. "पण बाई, मग ते खाडे?"

"ते शाळेचे, बाळ."