शिट्टीचं कुलूप

ही घटना खरी आहे. रचलेली असती, तर मी तिच्यात मेहुण्याला एवढं महत्त्व दिलं नसतं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. राहतो आमच्याकडेच. जुने टायर फाडून त्यांचा चुरा करणाऱ्या कारखान्यात फिटर आहे. तिथलं मुख्य यंत्र खोलीएवढं. पोटात जाडजूड दांडे, त्यांच्यावर पाती. वरून टायर टाकायचा, खालून भुगा घ्यायचा.

पाती बदलायला माणसाला त्या पोटात उतरावं लागतं.

म्हणून तिथे एक पद्धत आहे. आत जाणारा प्रत्येक जण मेन स्विचच्या लोखंडी पकडीत स्वतःचं लाल कुलूप अडकवतो. कुलपावर त्याचा फोटो, किल्ली त्याच्याच खिशात. शेवटचं कुलूप निघेपर्यंत यंत्र चालू होत नाही.

तिथे शिट्टी नावाचा एक फिटर होता. काम करताना सतत शिट्टी वाजवायचा, म्हणून शिट्टी. त्याला एक खोड होती. काम संपलं की कुलूप तसंच ठेवून, किल्ली खिशात घालून घरी जायचा. सकाळी हसत परत आणायचा. तोवर शिफ्टच्या साहेबाने लांब दांड्यांचा कटर घेऊन कुलूप तोडलेलं असायचं. या साहेबाला सगळे 'चला-चला' म्हणत. दुसरं काही बोलताना त्याला फारसं कुणी ऐकलं नव्हतं.

शिट्टीचं कुलूप तोडायची सगळ्यांना सवय झाली होती.

गेल्या वर्षी असंच एकदा तोडलं, तेव्हा शिट्टी घरी गेला नव्हता.

आत होता.

चौकशीत मानवी चूक निघाली. मानव अर्थात शिट्टी. चला-चला कामावर राहिला. कटरही राहिला.

आता मेहुण्याच्या त्या दुपारचं सांगतो.

रविवार होता. दुरुस्तीसाठी यंत्र बंद. जेवायची वेळ झाली तसे बाकीचे आपापली कुलपं काढून गेले. एक बोल्ट आवळायचा राहिला म्हणून मेहुणा आतच थांबला. पकडीत त्याचं एकट्याचं कुलूप.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला...

कट्ट.

हा आवाज तिथले फिटर झोपेतही ओळखतात.

"साहेब, मी आत आहे," मेहुणा जिवाच्या आकांताने ओरडला. बाहेर हवेचा पंप धडधडत होता. कोण ऐकणार?

दोन्ही अंगांना पाती. त्याने डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही.

मग पुन्हा... कट्ट.

आणि थोड्या वेळाने... कट्ट.

कुलूप तर एकच होतं. मग हा तोडतोय काय?

तेव्हा त्याच्या कानापाशी, पात्यांच्या फटीतून, कुणीतरी हळूच शिट्टी वाजवली...

एरवी आमचा मेहुणा दोन जिने चढायला कुरकुरतो. त्या दिवशी पोटरी पात्यावर फाडून घेत तो सरळ वर आला. तोवर आणखी दोनदा कट्ट झालं होतं.

चला-चला स्विचसमोर उकिडवा बसला होता. कटरची एक दांडी बुटाखाली, दुसरी उजव्या हाताने दाबत होता. जमिनीवर मेहुण्याचं तुटलेलं कुलूप पडलं होतं. एकच.

त्याच्या बाजूला साहेबाच्या डाव्या हाताची बोटं.

तो ओरडत नव्हता. वैतागला होता.

"किती कुलपं लावता रे? एक तोडलं की खाली दुसरं."

करंगळी तेवढी राहिली होती. तिच्यावर त्याने कटर लावला.

"साहेब, सोडा तो."

"थांब रे. शेवटचं राहिलंय."

मेहुण्याने कटर हिसकावला, तर चला-चलाने त्याच तुटक्या हाताने त्याचं नाक फोडलं. शेवटी त्याला पाडून छातीवर बसावं लागलं. माणसं धावत आली ती नेमकी तेव्हा. मेहुण्यानेच बोटं तोडली असं सगळ्यांना वाटलं. शुद्धीवर आल्यावर साहेबाने स्वतःच सांगितलं, "मी कुलपं तोडत होतो," म्हणून मेहुणा सुटला.

पण पकडीत अजून एक कुलूप लटकत होतं. अख्खं. रंग उडालेलं...

फोटो शिट्टीचा.

ते तोडायला कारखान्याने बाहेरून माणूस बोलावला. त्याने सगळी हकीकत ऐकली, दोन्ही हात खिशात घातले आणि निघून गेला. यंत्र तेव्हापासून बंद आहे.

परवा बायकोने धुवायला काढलेल्या मेहुण्याच्या पँटच्या खिशात दोन किल्ल्या निघाल्या.

"एक तुझी. ही दुसरी कुणाची रे?"

मेहुण्याने तिला हातही लावला नाही. "ताई, शिट्टीची आहे. ठेव कुठेतरी. पण कुणाला देऊ नकोस."

"अरे, देऊन मोकळा हो," मी म्हटलं.

"भाऊजी, ते कुलूप निघालं की यंत्र चालू होणार. आणि आत परत मलाच उतरायचंय."

मी हात पुढे केला. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आज सकाळी जिन्यात कुणीतरी शिट्टी वाजवत वर आलं... आमच्या दारापाशी थांबलं.

घरी नेलेली किल्ली शिट्टी सकाळी कारखान्यात परत द्यायचा, हे मी सांगितलंच आहे. आज ती न्यायची, तर आधी माझ्या खणातून घ्यावी लागेल.

मी दार उघडलेलं नाही. शिट्टी अजून वाजते आहे.