टाकीवरचा लाल काटा

"मॅडम, कॅमेरा घेऊन या. टाकीत थेंब न्हाई."

सरपंच छबूबाईंचा फोन आला तेव्हा जास्मिन साळवे राहुरीत चहा पीत होती. जिल्ह्यातल्या पाणी योजनांचे फोटो काढायचं काम तिच्याकडे होतं. कालचा अख्खा दिवस ती छबूबाईंच्याच गावात होती.

ती टाकीखाली पोचली तर छबूबाई उभ्या आणि रिकाम्या हंड्यांची रांग लागलेली. गावाने चोर आधीच ठरवला होता: गावाला नळाचं पाणी सोडणारा पंचायतीचा कामगार रंगनाथ. त्याला पंचायतीत बसवून ठेवलं होतं आणि दहा वाजता कामावरून काढायचा ठराव होता. बावीस वर्षांची नोकरी. हाताशी गरीब माणूस असला की गावाला पुराव्याची गरज पडत नाही, याची जास्मिनला चीड आली.

"राती खालचा वॉल्व्ह उघडला त्यानं," पंचायतीचा सदस्य बजरंग म्हणाला. "गावाचं पानी विकलं."

"संध्याकाळी टाकी भरलेली होती?"

"काठोकाठ. साडेपाचला मी ह्याच रस्त्यानं गेल्तो. काटा पार वर हुता."

टाकीच्या अंगावर आकड्यांची उभी पट्टी होती आणि तिच्यावर लाल काटा.

"दुपारी कुठं होता तुम्ही?"

"घरीच. रानात जाऊन काय करनार? काल दिवसभर शेतीची लाईट न्हवती. ऊस वाळून चाललाय."

विचारलं त्याच्या दुप्पट हा सांगतोय, असं जास्मिनच्या मनात आलं. तिने कॅमेऱ्यावर कालचे फोटो उघडले. सकाळी अकरा: टाकीच्या वरच्या पाईपातून पाणी ओसंडतंय, रंगनाथ मोटार बंद करायला पळतोय, काटा पट्टीच्या तळाशी. संध्याकाळी साडेपाच, टेकडीवरून: टाकी, रस्ता, आणि टाकीखालच्या उसाच्या सऱ्यांत चमकणारं आभाळ. तिने फोटो मोठा केला. काटा खरंच वर होता.

"सरपंचबाई, वॉल्व्हची चावी कुठं असते?"

"पंचायतीत, खुंटीला. काल दुपारी न्हवती, आज सकाळी परत जाग्यावर हुती. मला वाटलं रंगनाथनं नेली."

"त्याने ती साडेअकराला माझ्यासमोर खुंटीला लावली. मग माझ्या स्कूटरवर बसला. सहापर्यंत आम्ही दोघं कालव्यावर आणि टेकडीवर फोटो काढत होतो."

"मंग सहानंतर केलं त्यानं," बजरंग म्हणाला.

"म्हणूनच टाकी साडेपाचला भरलेली असायला हवी होती तुम्हाला." जास्मिनने कॅमेरा छबूबाईंच्या हातात दिला. "हा अकराचा फोटो बघा. टाकी ओसंडतेय आणि काटा तळाशी. आतल्या तरंगत्या डब्याची दोरी कप्पीवरून बाहेर येते आणि तिला काटा बांधलेला असतो. पाणी चढलं की काटा उतरतो. साडेपाचला काटा वर होता हे बजरंगराव खरं सांगतात. पण वर म्हणजे टाकी कोरडी."

बजरंगने मान वर करून काट्याकडे पाहिलं. त्याला ते आत्ता कळत होतं.

"शेतीची लाईट नव्हती, तरी या सऱ्या पाण्याने भरल्यात," साडेपाचचा फोटो लावत ती म्हणाली. "ऊस कुणाचा?"

छबूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "बजरंगरावांचा," त्या हळू म्हणाल्या.

"चावी पंचायतीत बसणाऱ्यानेच काढली. दुपारी टाकी उसात सोडली आणि नाव रंगनाथचं घेतलं."

"रंगनाथकडं दोनदा पानी मागितलं हुतं," बजरंग पुटपुटला. "न्हाई म्हनला. गावाचं हाय म्हनला."

छबूबाई स्वतः पंचायतीत गेल्या आणि रंगनाथला घेऊन आल्या. वाटेत त्यांनी त्याला सगळं सांगितलं. त्याने मोटार सुरू केली आणि वर बघत उभा राहिला. बऱ्याच वेळाने काटा बोटभर खाली सरकला.

"रंगनाथ, तू सकाळीच का न्हाई बोललास रे?" छबूबाईंनी विचारलं.

"बोललो की, म्या न्हाई केलं म्हनून." तो हंड्यांच्या रांगेकडे वळला. "म्होरं कुनी काय इचारलंच न्हाई."

येताना खुंटीवरून आणलेली चावी त्याने 'आता तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या' म्हणत छबूबाईंच्या हातावर ठेवली आणि रांगेतला पहिला हंडा नळाखाली धरला.