बारा पावलं कमी

हे घडलेलं आहे. पटलं नाही तर सोडून द्या, मला कोणाला पटवायचं नाहीये.

खाली "सेन्सरचा एरर असेल भाऊ" असं लिहिणाऱ्यांना मात्र आधीच सांगतो. माझं कामच ते आहे. महापेला एका कंपनीत मी मोबाईलचे अ‍ॅप तपासतो. प्रत्येक अ‍ॅपसाठी आम्ही वेगळा फोन घेत नाही. कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम असतो, तो स्क्रीनवर अख्खा फोन उभा करतो. नुसतं चित्र नाही, चालू फोन. माउसने बटणं दाबायची, अ‍ॅप टाकायचे, ते कुठे चुकतात ते शोधायचं.

सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधतोय. या गोष्टीत आधी स्वतःची शोधली.

ती सापडली.

तारीख १० मार्च २०२४, रविवार. अमावस्या होती, पण रात्र नव्हती. भर दुपार, बाराचा सुमार. जागा, करावे गावातलं आमचं घर. सीवूड्सचे टॉवर संपतात आणि आमच्या गल्ल्या सुरू होतात, तिथे. तळमजल्यावर मी आणि आई राहतो. आईचं नाव मालतीबाई, माझं मिथुन.

आणि बाबा.

बाबा, म्हणजे नामदेव, आधीच्या वर्षी गणपतीनंतर आठ दिवसांनी पहाटे होडी घेऊन खाडीत गेले. दुपारी होडी तिवरांत अडकलेली सापडली. जाळं होतं. डबा होता, भाकरी तशीच होती. बाबा नव्हते. त्यांचा फोनही नव्हता. नऊ दिवस शोधलं, काही मिळालं नाही.

बाबांना शुगर होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मीच त्यांच्या फोनमध्ये पावलं मोजणारा अ‍ॅप टाकून दिला होता. मग काय, माणसाला खेळणंच मिळालं. जेट्टीवरून आमच्या उंबऱ्यापर्यंत अकराशे चाळीस पावलं. रोज तेवढीच. नाक्यावर भेटेल त्याला थांबवून सांगायचे, "अकराशे चाळीस. एक जास्त नाय, एक कमी नाय." लोक त्यांना लांबून बघून रस्ता बदलायचे.

आता बयाबाईचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बयाबाई ही बाबांची चुलत बहीण, शेजारीच राहते. आमच्या घराण्यात खाडीत गेलेला आणि परत न मिळालेला माणूस घरी आणायची एक रीत आहे. भरतीच्या वेळी जेट्टीवर जायचं. तीनदा "घरी चल" म्हणायचं आणि मागे न बघता चालत घरी यायचं. घरी एकाने तांब्या भरून उंबऱ्याच्या आत उभं राहायचं. आलेल्याच्या पायावर पाणी घालायचं. मगच तो पितरांत बसतो.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. एकदा बोलावलं की वाटेत थांबायचं नाही. आणि तांब्या धरणाऱ्याने उंबरा ओलांडायचा नाही.

"ओलांडला तर?" मी एकदा विचारलं होतं.

"तर तो घरात नाय येत," बयाबाई म्हणाली. "तांब्या धरनारीलाच घेऊन जातं."

आईने ही रीत करूच दिली नाही. बयाबाई दर अमावस्येला यायची, समजावायची. "मालते, किती दिस त्याला भायेर ठेवशील? बोलव त्याला." आई एकच म्हणायची. "मेलेल्याला बोलवतान. तो मेलाय, कोनी बगलाय?" आणि रात्री तिसरं ताट वाढायची. साडेपाच महिने. मी ते ताट रोज गुपचूप उचलायचो. माझ्याकडून तिला काही बोलवत नव्हतं.

तर त्या रविवारी आईच म्हणाली, "मिथुन, तुज्या बापसाचे फोटो येतील काय रं त्या कंप्युटरवर? मोबाईलमदी मना दिसत नाय."

मला बरं वाटलं. निदान काहीतरी मागितलं तिने.

कॉम्प्युटरवर फोन उभा केला. बाबांचं खातं मीच बनवलेलं, पासवर्ड माहीत होता. पाच मिनिटांत त्यांचा सगळा फोन स्क्रीनवर. मोठ्ठा. फोटो, भजनाची रेकॉर्डिंग, आणि त्यांचे सगळे अ‍ॅप आपोआप आले. पावलांचा पण.

आई खुर्ची ओढून बसली. फोटो बघताना हसली, थोडी रडली. मग तिनेच त्या पावलांच्या चित्राकडे बोट केलं.

अ‍ॅप उघडला. त्याने जागा विचारली. असा फोन खरा कुठेच नसतो, त्यामुळे जागा आपणच द्यावी लागते. मी काही विचार न करता आमच्या जेट्टीवर टाचणी टोचली. नकाशा आला, त्यावर निळा ठिपका.

वर आकडा... शून्य.

"ही जेट्टी ना?" आईने विचारलं.

"हो."

ती खुर्ची स्क्रीनजवळ सरकवून बसली.

"मंग त्याला घरी येताना दाखव ना. एकदाच."

हे करता येतं. आम्ही रोज करतो. दोन ठिकाणं द्यायची, चालण्याचा वेग द्यायचा, ठिपका रस्त्याने सरकतो. पावलांचा आकडा मात्र हलत नाही, कारण त्याला फोन हलावा लागतो. कॉम्प्युटर टेबलावर असतो. टेबल चालत नाही.

मी जेट्टी ते घर असा रस्ता दिला. आईचं मन राखायला म्हणून बटण दाबलं.

ठिपका हलला. आई स्क्रीनला तोंड लावून हळूच काहीतरी म्हणाली. मला वाटलं पुटपुटतेय. मग नीट ऐकू आलं.

"ओ... चला घरी."

"चला घरी."

"चला घरी."

तीनदा. खरं सांगतो, मला तेव्हा भीती नाही वाटली. म्हटलं, जेट्टीवर जायला तयार नाही, इथे तरी म्हणाली. होऊ दे मोकळी.

सव्वाबारा झाले होते. पूर्ण भरतीला थोडाच वेळ होता. हे मला नंतर सुचलं.

ठिपका बंधाऱ्यावर आला. मी आकड्याकडे सहज बघितलं.

४१.

मी माउस सोडून दिला. हात वर घेतले. म्हटलं काहीतरी बग आहे.

४२... ४३... ४४...

आकडा झपझप नव्हता वाढत. चुकलेला प्रोग्राम सरळ धावतो, मी हजारदा बघितलंय. हा अडखळत होता. एक लवकर, एक उशिरा. एक लवकर, एक उशिरा.

बाबांचा डावा गुडघा गेलेला होता. ते तसंच चालायचे.

"आई, बंद करतो हा. काहीतरी गडबड आहे."

"नको करू." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तो येतंय."

तीनशेच्या पुढे गेल्यावर ती उठली. मला वाटलं पाणी प्यायला गेली. ती तांब्या भरून घेऊन आली आणि दार उघडून उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

ऐन दुपारी आमच्या गल्लीत किती आवाज असतो, तुम्हाला माहीत नाही. वरच्या भाडेकरूचा मिक्सर, कोणाचा तरी टीव्ही, कुत्री तर बाराही महिने.

मिक्सर थांबला होता.

टीव्ही नव्हता.

कुत्री... एकही नाही.

६१२... ६१३...

मी बाहेर डोकावलो. ऊन पडलेलं, गल्ली रिकामी. एरवी मासळीवर टपलेले कावळे असतात, तेही नव्हते. फक्त वास येत होता. ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या चिखलाचा. पण ओहोटी नव्हती, भरती होती.

मी परत कॉम्प्युटरसमोर बसलो. ठिपका मंदिराच्या मागून वळला. मी प्रोग्राम बंद करायचं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. माउसचा बाण फिरत होता, बटण दबत होतं, पण फोन बंद होत नव्हता.

९०४... ९०५...

आणि मग ऐकू आलं.

फट... घस.

फट... घस.

एक पाऊल चपलेचं, एक घासत. लांबून, गल्लीच्या तोंडाकडून. आणि प्रत्येक आवाजाबरोबर स्क्रीनवर एक आकडा. मी दोन्हीकडे बघत होतो. एकदाही मागेपुढे झालं नाही.

"आई, आत ये," मी म्हणालो. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

आई हसत होती. साडेपाच महिन्यांत मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. लग्नाच्या फोटोत हसलीय तशी.

"आले हो," ती गल्लीकडे बघून म्हणाली. "ऊन किती झालाय."

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. गल्लीत कोणी नव्हतं. नुसता आवाज जवळ येत होता आणि पेव्हर ब्लॉकवर... ओलं होत होतं. एक ठसा पूर्ण. एक लांबट, फरफटल्यासारखा.

११०२... ११०३...

मी उभाच राहिलो. माझा बाप येत होता. हे मला आत कुठेतरी पक्कं कळलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तो यायला हवा होता. पस्तीस-सदतीस पावलं. मग आई पाणी घालील, मग संपेल. तिसरं ताट संपेल. मी श्वास धरून मोजत होतो.

तेवढ्यात आईने उजवा पाय उचलला.

आणि उंबऱ्याच्या बाहेर ठेवला.

"आई!"

तिने ऐकलं नाही. तांब्या पुढे धरून ती दुसरा पाय उचलायला लागली. मी धावलो, तिचा दंड धरला आणि मागे ओढलं. माझी आई पंचेचाळीस किलोची आहे. ती हलली नाही. कोणीतरी पलीकडून धरून ठेवावं तशी.

मी तिला सोडून आत पळालो आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

पंखा थांबला. कॉम्प्युटर नाही. त्याला बॅकअपची बॅटरी लावलेली, ती बीप बीप करायला लागली.

११२५.

मी टेबलाखाली घुसलो. वायर ओढल्या, हाताला येतील तशा.

११२६... ११२७...

बॅटरीचं बटण सापडलं. दाबून धरलं.

स्क्रीन काळी व्हायच्या आधी दिसलेला आकडा ११२८.

बाहेर "फट" ऐकू आलं. मग काहीच नाही.

घस आलंच नाही.

तांब्या पडल्याचा आवाज झाला. मी दाराकडे धावलो. आई उंबऱ्यावर बसली होती, दोन्ही पाय आत. पाणी सगळं तिच्या लुगड्यावर. वर मिक्सर सुरू झाला. कुठेतरी कुत्रं भुंकलं.

मला वाटलं, वाचलो.

आईने मान वर केली. शुद्धीवर होती, पूर्ण. अगदी शांतपणे म्हणाली,

"दारात आनून सोडलास त्याला."

संध्याकाळी बयाबाईला सगळं सांगितलं. कॉम्प्युटर वगैरे तिला काय कळणार, मला वाटलं हसेल. ती हसली नाही. तिने एवढंच विचारलं, "किती रायली व्हती?"

"बारा."

ती उठली. आमच्या दारातून बाहेर पडली आणि बारा पावलं मोजून थांबली. तिथे मी माझी बाईक लावतो. बाईकच्या पुढच्या चाकाशी पेव्हर ब्लॉक ओला होता. बयाबाईने त्याला वळसा घातला आणि घरी गेली.

दुसऱ्याच दिवशी मी कॉम्प्युटर पुन्हा लावला. धीर करून सगळं तसंच केलं. बाबांचं खातं, तोच अ‍ॅप, तोच रस्ता. आईला खुर्चीत बसवून ठेवलं होतं, बयाबाईला तांब्या दिला होता. अ‍ॅपमध्ये आकडा ११२८. ठिपका जेट्टीवर नव्हता, मी टाचणी टोचायच्या आधीच आमच्या गल्लीत होता. बटण दाबलं. हलला नाही. भरतीला करून बघितलं, अमावस्येला करून बघितलं. आई तीनदा सोडून तीनशे वेळा म्हणाली. हलत नाही. आणि रीतीप्रमाणे जेट्टीवर जाऊन पुन्हा बोलवावं, तर तो आता जेट्टीवर आहेच कुठे?

बाईक मी आता मंदिराजवळ लावतो. ती जागा रिकामीच असते. गल्लीत पार्किंगवरून रोज भांडणं होतात, पण तिथे कोणी गाडी लावत नाही. का, ते त्यांनाही सांगता येत नाही. उन्हाळ्यात पण तो ब्लॉक वाळत नाही. कडेला मीठ धरतं.

आईने तिसरं ताट वाढणं बंद केलंय. ती मेला म्हणत नाही, जिवंत म्हणत नाही. दुपार झाली की दाराच्या आत खुर्ची टाकून बसते आणि त्या जागेशी बोलते. भाजीचे भाव, माझ्या लग्नाचं. ऊन फार असलं की मला म्हणते, "छत्री तरी धर रं त्याच्यावर."

मी आईला वाचवली. हे मी स्वतःला रोज सांगतो, आणि ते खरंच आहे. ती समोर बसलेली दिसते मला.

पण ऑफिसातून येताना मला त्या जागेवरूनच घरात जावं लागतं, दुसरी वाट नाही. मी मान खाली घालून जातो. तिथून पुढे बारा पावलं. मी रोज मोजतो.

आणि दार लावताना... रोज थोडा वेळ उघडंच ठेवतो.