गुलाबी फोनवरची शेवटची चूक

"अहो, थांबा ना! याचं पाचचं बटण अडकतंय, तेवढं बघून द्या."

जिन्यातच गाठलं मी त्याला. खांद्याला पिशवी, पिशवीत फोनच फोन, चालताना खडखडणारे... असा माणूस दुरुस्तीवाला नाही तर कोण असणार? त्याने माझ्या हातातला गुलाबी फोन घेतला, खिडकीत ठेवून उघडला, बटणाखाली हळूच फुंकर मारली आणि परत दिला. बटण चालायला लागलं!

"किती द्यायचे?"

"काही नको. फक्त, ते मोबाइल ॲपचं दुकान आहे ना... त्यांचं ऑफिस कुठे, सांगाल?"

मेले! मी त्याच ऑफिसात कामाला होते. तो ॲप बनवणारा निघाला, आणि त्याचं ॲप तपासायला नेमकं माझ्याकडेच आलं.

तेव्हा फोनला बटणं असायची, आणि फोनवरून ॲप विकत घेता येतं हे कुणाला पटायचंच नाही. "फोनच्या आत दुकान? मग तू बसतेस कुठे गं?" आई रोज विचारायची. मी बसायचे एका कपाटासमोर. त्यात बाजारातले झाडून सगळे फोन होते. आलेलं प्रत्येक ॲप त्या प्रत्येक फोनवर चालवून बघायचं. एका जरी फोनवर अडकलं तरी परत पाठवायचं, सगळीकडे चाललं तरच दुकानात लावायचं.

त्याच्या ॲपचं नाव होतं 'कुठे ठेवलं?'. वस्तू ठेवताना फोनला सांगून ठेवायचं, विसरलात की फोन आठवण करून देणार.

"स्वतःसाठी बनवलंत वाटतं?" मी हसून विचारलं.

"आईसाठी. चष्मा डोक्यावर असतो आणि ती घर डोक्यावर घेते."

"अय्या, आमच्याकडेही तेच!"

पहिल्याच दिवशी मला त्यात बऱ्याच चुका सापडल्या. सांगितली मात्र एकच. का? ते मलाच कळलं नाही. तो मान तिरकी करून ऐकत होता, कपाळावरचे केस फुंकरीने उडवत होता... आणि माझं बोलणं तिथेच संपलं. "एवढं नीट करून आणा," म्हणाले झालं.

तो आणायचा. मी पुढची चूक काढायचे. पिशवी खांद्यावरच ठेवून तो खुर्चीच्या कडेवर टेकायचा, आता निघतोच असा.

"आज काय?"

"घडीच्या फोनवर अक्षरं कापली जातायत."

"नजर फार कडक हो तुमची."

"कामच आहे ते."

"नाही, मी समोर असतो म्हणून विचारतो — नजर फोनवरच असते ना?"

मी घाईघाईने भलताच फोन उचलला! जाताना तो दारात थांबायचा, काहीतरी बोलेल असं वाटायचं — आणि पिशवी सावरून निघून जायचा. हा ॲपसाठी येतो की माझ्यासाठी? आणि मी तरी हे काय चालवलं होतं? विचार करकरून डोक्याचं पार भजं झालं.

त्यात एका सकाळी आमच्या ऑफिसच्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "मोठ्या कंपनीने आपल्याला विकत घेतलंय. संध्याकाळपर्यंत जी ॲप दुकानात असतील तीच तिकडे जाणार. बाकीच्यांना विसरा."

याने त्या ॲपपायी नोकरी सोडली होती. आणि एक चूक अजून शिल्लक होती, मी जपून ठेवलेली! मी त्याला फोन केला. "असाल तसे या."

तो धापा टाकतच आला.

"गुलाबी फोनवर तुमचं ॲप बंद करताना अडकतं," मी एका दमात बोलले. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सगळ्याच चुका माहीत होत्या, मी एकेक सांगत गेले. का ते विचारू नका... चिडा हवं तर, पण आधी हे नीट करा!"

तो चिडलाच नाही. खिशातून एक मेमरी कार्ड काढून त्याने गुलाबी फोनमध्ये सरकवलं. ॲप उघडलं, बंद केलं. कुठेही अडकलं नाही.

"हे... कधी केलंत?"

"पहिल्याच आठवड्यात. सगळंच."

"मग एकेक दुरुस्ती घेऊन का येत होतात?"

"तुम्ही एकेक सांगत होतात." त्याचे कान लाल झाले. "मला वाटलं, तुमच्याकडची पद्धत असेल. मग वाटायला लागलं... पद्धत नसली तर किती बरं होईल."

घ्या! आता कोणी कोणावर चिडायचं?

कपाटातले सगळे फोन टेबलावर मांडून मी भराभर तपासले. तो एकेक पुढे करत होता, बोटाला बोट लागत होतं, आणि दोघंही काही झालंच नाही असं दाखवत होतो. दिवेलागणीच्या आत ॲप दुकानात लागलं. जीव भांड्यात पडला... आणि लगेच रडूच यायला लागलं.

"चला," तो म्हणाला. "आता यायला कारण नाही उरलं."

नेहमीसारखा दारात थांबला. मी गुलाबी फोन उचलून त्याच्यापुढे धरला.

"पाचचं बटण अडकतंय."

त्याने दाबून पाहिलं. "चालतंय की."

"नाही चालत. नीट बघा. घरी न्या, उद्या आणून द्या. परवा परत अडकेल... बटणाचं काही नाही हो. तुम्ही आवडता मला."

तो आत आला, खुर्ची ओढून ऐसपैस बसला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच खांद्यावरची पिशवी उतरवून खाली ठेवली.