तिसरी हाळी

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं, मला वाद घालायचा नाही. जे घडलं ते माझ्यासमोर घडलं, आणि माझ्यामुळे घडलं.

शिरोळ तालुका, नदीकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, लोक ओळखतील.

गेल्या भाद्रपदातली सकाळ... सहा वाजून दहा मिनिटं.

माझा आतेभाऊ विश्वजित फवारणीचा ड्रोन चालवतो. पुण्याकडे ट्रेनिंग घेऊन पायलटचा रीतसर परवाना काढलाय त्याने. मी यशराज, त्याचा जोडीदार. टाकीत औषध भरायचं, बॅटऱ्या बदलायच्या आणि हाळी द्यायची, ही माझी कामं.

हाळी म्हणजे हाक. वाढलेल्या उसात माणूस दिसत नाही, आणि बायका तर म्हशीसाठी गवत कापायला भल्या सकाळी आत शिरलेल्या असतात. म्हणून आधी बांधावरून पूर्ण फेरी मारायची आणि तीनदा ओरडायचं, "कोण हाय का आत?" उत्तर आलं नाही तरच ड्रोन वर जातो. हा नियम विश्वजितनेच घातलेला.

त्या दिवशी बांधावर चिखल होता. माझे बूट नवे होते.

एवढंच कारण. दुसरं काही नाही.

मी कोपऱ्याआड जाऊन पाच मिनिटं मोबाईल बघितला आणि परत आलो.

"दिलीस हाळी?" विश्वाने विचारलं.

"तीनदा दिली. रान रिकामं हाय. उडीव."

ड्रोन वर गेला. निम्मं रान झालं असेल, तेवढ्यात...

खोकला.

एवढ्या घोंगाटातही मला ऐकू आला. बाईचा होता. विश्वाची नजर स्क्रीनवर होती, त्याला पत्ता नव्हता. मी 'थांब' म्हणालो असतो, तर फेरी मारली नाही हे उघडं पडलं असतं.

मी गप्प बसलो.

खोकला बराच वेळ चालू होता. मग थांबला.

दुपारी त्याच उसात गवताला गेलेल्या धोंडुबाई सापडल्या. हातात विळा, पदर औषधाने चिंब. अंग गार पडलं होतं.

त्यांचा मुलगा ज्ञानू आमच्यासमोर येऊन उभा राहिला. रडत नव्हता.

"पावणं, एवढंच सांगा. हाळी दिलती न्हवं?"

"दिलती की. तीनदा."

"मग आई बोलली कशी न्हाय? तिचं कान चांगलं हुतं."

विश्वा म्हणाला, "माझा भाऊ खोटं बोलत न्हाय."

चौकशी झाली, कागद झाले. गाव म्हणू लागलं, म्हातारी बहिरी झाली होती, लेकाला कळलं नाही. माझा दोष तिच्या कानांवर ढकलला गेला. मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

तेरावा झाल्यावर दुसऱ्या गावात काम निघालं. चोराच्या मनात चांदणं... या वेळी मी चिखल तुडवत पूर्ण फेरी मारली.

पहिली हाळी दिली. काही नाही.

दुसरी दिली. काही नाही.

तिसरी...

"हाय की."

शांत आवाज. अगदी जवळून, दुसऱ्या सरीतून.

मी पाला बाजूला केला. कुणीच नव्हतं. विश्वाला विचारलं, तर त्याला काही ऐकूच आलं नव्हतं.

फवारणीनंतर बघितलं तर सगळा पाला ओला होता. मधे एकच जागा कोरडी. बसलेल्या माणसाएवढी. विश्वाने नोझल उघडून बघितले, सगळे चालू होते.

पुढच्या रानात तेच. तिसऱ्या हाळीला "हाय की." कोरडी जागा मात्र बांधाच्या जवळ सरकलेली. त्याच्या पुढच्या रानात तर ती बांधावरच होती... मी उभा होतो तिथून चार हातांवर.

चौथ्या रानात मी हाळी द्यायला नाही म्हणालो. विश्वाने चिडून स्वतः दिली. त्याला उत्तर आलं नाही. ड्रोन उडाला.

आणि अर्ध्यातून वळला.

"यशा, त्यो माझ्या हातात न्हाय! पळ!"

मी पळायला वळलो, तेवढ्यात ड्रोन डोक्यावर येऊन थांबला आणि अख्खी टाकी माझ्यावर रिकामी झाली. डोळे पुसून बघितलं, तर मी चिंब, बांध चिंब. फक्त माझ्या शेजारची जागा कोरडी होती.

विश्वा मला धुऊन काढत होता. धुता धुता त्याने विचारलं, "यशा, खरं सांग. त्या दिशी हाळी दिलतीस का?"

"दिलती," मी म्हणालो.

तेव्हापासून मला खोकला आहे. कोल्हापुरात सगळ्या तपासण्या केल्या, काही निघत नाही. विश्वाने दुसरा जोडीदार घेतला.

काल सकाळी मी अंथरुणात होतो. सहा दहा झाले असतील. दारासमोरून तोच शांत आवाज आला...

"कोण हाय का आत?"

आई चुलीपाशीच होती. तिने काहीच ऐकलं नव्हतं.

आज, त्याच वेळेला, पुन्हा.

"कोण हाय का आत?"

या वेळी मी उठून बसलो आणि जिवाच्या आकांताने 'हाय' म्हणून ओरडलो. तोंडातून शब्द आला नाही. नुसता खोकला आला.

तिला तो ऐकू गेला असणार. तिचे कान चांगले होते.

ज्ञानूचा नंबर मिळवलाय. दुपारपासून फोन हातात आहे, बोट त्या नावावर जातं आणि परत येतं.

उद्या सकाळी सहा दहाच्या आत, तिसऱ्या हाळीआधी लावायला हवा.