पाच सेकंद गप

ज्योत्स्ना आली ती आधारची झेरॉक्स काढायला. वडगावात कोर्टासमोर संदेशचं दुकान. पुढं झेरॉक्स, मागं लग्नाच्या व्हिडिओचं काम. मशीन गरम होईस्तवर तिनं मोबाइलवर स्वतःचाच व्हिडिओ लावला... अन् दुकानभर नुसती घोंघों.

"वारं शिरलंय," संदेश म्हणाला. "काढून देऊ?"

"वारं काढता येतं?"

"येतं की. फक्त बोलायच्या आधी पाच सेकंद गप हुबं ऱ्हायचं. नुसतं वारं मिळालं पायजे. मग कॉम्प्युटरला दाखवायचं, बाबा, हे वारं, एवढं काढ. माणसाचा आवाज ठेव."

ती हसली. झालं! गडी तितंच गार.

ती खंडाळ्याला एका बंगल्यावर कामाला. दरीकडच्या खोल्या गिऱ्हाइकांना व्हिडिओत दाखवायची. दर मंगळवारी वारं काढायला त्या व्हिडिओंच्या फायली घेऊन यायची. अन् दर व्हिडिओत आधी पाच सेकंद गप. केस उडत्यात... अन् ती कॅमेऱ्याकडं अशी बघतीय, अशी — की संदेशच्या चहावर साय धरायची.

पण कॅमेऱ्यामागं कोण?

एका मंगळवारी कळलं. बंगल्याचा मॅनेजर प्रज्ञेश तिला बुलेटवरनं सोडून गेला. गॉगल काय, कोरलेली दाढी काय! अच्छा, ह्याच्याकडं बघती व्हय!  हेडफोन लावून संदेशनं वाऱ्यात प्रज्ञेशचा खोकला शोधला. खिडकीच्या काचंत त्याची सावली शोधली. कायच न्हाई. तरी जळणं थांबंना. तुमाला सांगतो, जळणारा माणूस धड काम करत न्हाई. त्यानं वारं असं खरवडून काढलं, की वाऱ्यासंगं तिचा आवाजबी सोलून निघाला.

दुसऱ्या दिवशी ती दारात.

"हे काय केलंत? हंड्यात तोंड घालून बोलल्यावानी वाटतंय! मालक म्हणत्यात, काम दुसरीकडं द्या."

"द्या की. तुमच्या बुलेटवाल्याला येत आसंल."

"प्रज्ञेशला? त्याचा काय संबंध?"

"शूटिंग तोच करतो न्हवं? त्याच्याकडंच बघता न्हवं... पाच-पाच सेकंद!"

"अवो, मोबाइल पाण्याच्या टाकीवर विटंला टेकवून ठिवते मी! तितं कुत्रंबी नसतं."

"मग बघता कुणाकडं?"

ज्योत्स्ना झेरॉक्सच्या झाकणावरची धूळ बोटानं पुसत ऱ्हायली.

"गिऱ्हाइकाला पाठवायच्या आधी ते पाच सेकंद कोण कापतं?"

"मी."

"म्हंजे ते बघतं कोण... एकटं?"

संदेशनं गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"दोन म्हैने झालं, खुळ्या! दर मंगळवारी सांगतीय. अन् तू वारं काढत बसलायस."

"मग... आता गं?"

"आता आधी आवाज नीट कर. अन् रविवारी घरी ये. आईला सांगितलंय, एक माणूस येणार हाय म्हणून."

"कवा सांगितलंस?"

"गेल्या म्हैन्यात! तवापासनं बिचारी दर रविवारी पोहे भिजवतीय."